अर्धा पतंग कोणी मोजला?

*ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेच्या बाजूच्या एका तालुक्यात, महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर. विभागप्रमुख सरच माझे पीएचडीचे गाइड आहेत. दोन वर्षांपूर्वी चार गावांतल्या कपाशीत कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावून मी गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजले, दर आठवड्याला, १४ आठवडे. सप्टेंबरात नाल्याला पूर आला आणि पलीकडच्या दोन गावांत तीन आठवडे जाताच आलं नाही. डायरीत तसं लिहिलंय. पेपर छापून आला तर तक्त्यात त्या तीन आठवड्यांचेही आकडे! सरांना विचारलं, तर म्हणाले, ‘गॅप दिसला असता तर पेपर परत आला असता. प्लॅजरिझम रिपोर्ट ७ टक्के आहे, काळजी कशाची?’ मी गप्प बसले. आता दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधकाने ई-मेल करून मूळ नोंदी मागितल्यात. सर म्हणतात, ‘डायरी पुरात गेली म्हणून सांगून टाक. फारच झालं तर टायपिंग मिस्टेक म्हणून करेक्शन टाकू. झाकली मूठ सव्वा लाखाची.’ पहिली लेखिका मी आहे. जूनमध्ये पुन्हा मुलाखत आहे. करेक्शनवर सही करू, पेपर मागे घेऊ, की गप्प राहू? गेल्या वर्षी शेतीशाळेत मी याच तक्त्यावरून बोलले होते, तेही डोक्यातून जात नाही. – तासिकावाली*

प्रिय तासिकावाली,

पत्रासोबत तक्ता पाठवलात ते फार बरं केलंत. पत्र एकदा वाचलं आणि तक्त्याला मात्र सगळी दुपार दिली. पेन्सिल घेऊन.

नाल्यापलीकडच्या पहिल्या गावाची ओळ बघा. पुराआधीच्या आठवड्यात प्रति सापळा प्रति रात्र ४.०० पतंग. पुरानंतर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, ९.२०. मधल्या तीन आठवड्यांत ५.३०, ६.६०, ७.९०. दर आठवड्याला बरोबर १.३० ची वाढ, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. पतंग असे येत नाहीत. पावसाची एक झड लागली की सापळा ओस पडतो, उघडीप मिळाली की एका रात्रीत भरतो. तुमच्या बाकीच्या आकड्यांत ते वरखाली होणं दिसतं, म्हणून तर ते खरे वाटतात.

आता दुसरी गंमत. तुम्ही प्रत्येक गावात ५ सापळे लावलेत आणि ७ रात्रींचे पतंग एकदम मोजलेत. पाचही सापळे हंगामभर शाबूत होते, असं तुमच्याच पेपरात लिहिलंय. म्हणजे एकूण पतंगांना ३५ ने भागायचं. मग ४.०० म्हणजे १४० पतंग, ९.२० म्हणजे ३२२. दोन्ही ठीक. पण ५.३० ला ३५ ने गुणलं तर १८५.५ येतात, आणि ७.९० चे २७६.५. पतंग १८५ सापडले तर सरासरी ५.२९ येते, १८६ सापडले तर ५.३१. मधलं ५.३० येऊच शकत नाही. अर्धा पतंग कोणी मोजला?

हे काही माझं डोकं नाही. निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स या दोघांनी २०१६ मध्ये ही साधी तपासणी मांडली, तिला ग्रिम चाचणी म्हणतात. पूर्ण संख्यांची सरासरी काही ठरावीक आकड्यांवरच थांबू शकते, एवढंच तिचं मर्म. सातवीतला पोरगा करू शकेल असा गुणाकार आहे. ज्या संशोधकाने नोंदी मागितल्यात त्याने तो आधीच केला नसेल कशावरून? त्याच्या ई-मेलचा सूर गोड असेलही. असे ई-मेल गोडच असतात.

तेव्हा ‘झाकली मूठ’ वगैरे विसरा. मूठ केव्हाच उघडी पडली आहे, छापूनच आली आहे.

सरांच्या ७ टक्क्यांबद्दल. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १०, ४० आणि ६० टक्क्यांच्या ज्या पायऱ्या आहेत, त्या मजकुराच्या साम्याच्या आहेत. ड्रिलबिट असो की दुसरं कुठलं सॉफ्टवेअर, ते वाक्यं जुळवून बघतं. आकडा शेतात मोजला की खुर्चीत बसून भरला, हे त्याला कळत नाही. उलट मनाने रचलेला आकडा कुठूनच उचललेला नसतो, त्यामुळे त्याचा रिपोर्ट सगळ्यात स्वच्छ येतो! आपल्याकडे ‘रिपोर्ट कमी आला’ म्हणजे ‘पेपर चांगला’ असं जे समीकरण होऊन बसलंय, त्याचा मला मनापासून वैताग आहे. असो.

रिकामी जागा हा गुन्हा नव्हता, हे आधी मनात पक्कं करा. तक्त्यात त्या सहा ठिकाणी ‘नोंद नाही, नाल्याला पूर’ लिहिलं असतं तर ५६ पैकी ५० नोंदी तरीही उरत होत्या. आधीच्या-नंतरच्या आकड्यांवरून मधले अंदाजाने काढायचे, तर तेही चालतं, पण पद्धतीच्या परिच्छेदात तसं उघड लिहून आणि अंदाजाचे आकडे वेगळे दाखवून. तुमच्या पेपरात अंदाज मोजणीच्या पोशाखात बसलाय. त्यालाच बनावट नोंद म्हणतात, मग भरणाऱ्याच्या मनात काहीही असो.

म्हणून टायपिंग मिस्टेकच्या करेक्शनवर सही करू नका. करेक्शन वाईट असतं म्हणून नव्हे. माझ्या स्वतःच्या एका लेखात विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा दशांश बिंदू एका ओळीत एक घर सरकला होता. एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने वर्गात, सगळ्यांसमोर दाखवला. कानशिलं तापली. संध्याकाळी संपादकांना पत्र टाकलं, पुढच्या अंकात चार ओळींची दुरुस्ती आली, विषय संपला. तिथे वहीत बरोबर होतं आणि छपाईत चुकलं होतं. तुमच्या वहीत तर आकडाच नाही. चूक म्हणून काय दाखवाल आणि बरोबर म्हणून काय लिहाल? त्या कागदावर सही केलीत, तर आज जे सरांनी केलंय ते उद्या तुम्ही स्वतःच्या हाताने केलेलं होईल.

आणि ‘डायरी पुरात गेली’ हे तर मुळीच लिहू नका. २२ मे २०२० ला ‘लॅन्सेट’मध्ये कोरोना आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर एक मोठा पेपर आला होता. ज्या कंपनीने आकडे पुरवले होते, तिने मूळ नोंदी तपासायला दिल्या नाहीत, आणि ४ जूनला खुद्द लेखकांपैकीच तिघांनी तो मागे घेतला. नोंदी दाखवता येत नाहीत, हेच पेपर मागे घ्यायला पुरेसं कारण ठरतं. सर ज्याला ढाल समजतात ती ढाल नाही. शिवाय तुमची डायरी कपाटात सुखरूप आहे, आणि या सगळ्या प्रकरणात तुमच्या बाजूने बोलणारी तेवढीच एक वस्तू आहे.

ती आजच घरी न्या. सप्टेंबरच्या पानांचे फोटो काढून स्वतःलाच ई-मेल करून ठेवा, म्हणजे त्यावर तारीख पडेल. त्यात आता काहीही लिहू नका. शाई फुटली असेल तर फुटलेली राहू द्या, पानाला चिखल लागला असेल तर तो झटकू नका. पेपराचा कच्चा मसुदा सरांना कधी पाठवला, त्यात त्या सहा जागा कोऱ्या होत्या का, तोही ई-मेल शोधून ठेवा.

मग सरांकडे जा. त्यांना न सांगता संपादकांना लिहू नका. भीतीपोटी नव्हे, सहलेखक म्हणून तो त्यांचा हक्क आहे. स्टाफरूममध्ये नको, चहाच्या टपरीवर तर नकोच. दार लोटून, तक्ता आणि डायरी समोर ठेवून एवढंच म्हणा: ‘सर, या सहा नोंदी माझ्याकडे नाहीत. मला संपादकांना कळवायचंय. आपण दोघांनी मिळून कळवलं तर बरं होईल.’ ‘तुम्ही आकडे बनवले’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. कोणी काय केलं हे ठरवणं तुमचं काम नाही, तुमच्याकडे काय आहे आणि काय नाही एवढंच तुम्ही सांगू शकता. त्याच संध्याकाळी हे बोलणं दोन ओळींत त्यांना ई-मेल करा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. सर चिडतील. कदाचित आठवडाभर बोलणार नाहीत. पण मी अशी माणसं पाहिली आहेत, जी आधी दार आपटतात आणि आठव्या दिवशी म्हणतात, ‘लिव बाई, दोघायच्या सहीनं लिव.’ त्यांनाही बाहेर पडायला वाट हवी असते. ती तुम्ही देताय.

पंधरा दिवसांत होकार आला नाही, तर एकटीने लिहा. संपादकांचं पत्र लांबवायचं नाही. पेपराचं नाव, डीओआय (पेपराचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक), तक्ता क्रमांक. ‘या तक्त्यातल्या अमुक दोन गावांच्या, अमुक तीन आठवड्यांच्या नोंदी प्रत्यक्ष मोजणीच्या नाहीत. त्या काळात तिथे मोजणी झाली नव्हती. डायरीच्या पानांची प्रत सोबत जोडली आहे. या सहा नोंदी वगळून केलेलं गणितही जोडलं आहे. पहिली लेखिका म्हणून ही बाब छपाईआधी तपासायला हवी होती, ती मी तपासली नाही. योग्य ती कार्यवाही करावी.’ झालं. घरची परिस्थिती, सरांचे उपकार, तासिकांचं मानधन यातलं काही घालू नका. ‘छपाईआधी तपासायला हवी होती’ हे वाक्य मात्र गाळू नका. प्रूफ तुमच्या ई-मेलवर आलं होतं, कॉपीराइटच्या फॉर्मवर सही तुमची आहे. पंजाब विद्यापीठातले भूगर्भशास्त्रज्ञ व्ही. जे. गुप्ता यांच्या हिमालयातल्या जीवाश्मांबद्दल जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये जाहीर शंका घेतली, तेव्हा त्यांच्या जोडीला नाव लावणारे कितीतरी सहलेखक अडचणीत आले. जीवाश्म जिथे सापडले म्हणून छापलं होतं, ती जागा बहुतेकांनी स्वतः पाहिलीही नव्हती. विश्वासाने सही केली होती. तुम्ही निदान शेतात तरी गेला होतात.

पुढे काय होतं? संपादक बाकीच्या लेखकांना विचारतात, कधी महाविद्यालयाला किंवा विद्यापीठाला चौकशी करायला सांगतात. महिने लागतात. चौकशी रेंगाळली तर मधल्या काळात पेपरावर ‘शंका आहे, जपून वापरा’ अशा अर्थाची सूचना लावतात. निकाल तीन प्रकारचा असू शकतो: दुरुस्ती, पेपर मागे घेणं, किंवा मागे घेऊन दुरुस्त आवृत्ती नव्याने छापणं. बऱ्याच नियतकालिकांची मार्गदर्शक असलेली ‘कोप’ ही संस्था १९९७ पासून हे काम करते. तिचं म्हणणं सरळ आहे: पेपर मागे घेणं हे लेखकाला शिक्षा म्हणून नसतं, वाचकाला सावध करण्यासाठी असतं. तुमच्या बाबतीत ‘सप्टेंबर संपेपर्यंत चारही गावांत नुकसानीची पातळी ओलांडली गेली नाही’ हा निष्कर्षच त्या सहा नोंदींवर उभा आहे. दोन गावांपुरता तो टिकतो, उरलेल्या दोन गावांचं काही सांगता येत नाही. त्यामुळे पेपर मागे घेतला जाईल असं धरूनच चाला. दुरुस्त आवृत्तीची संधी मिळते का, ते पत्रात जरूर विचारा. आणि सूचनेत कारण स्पष्ट लिहावं, ही बाब लेखिकेने स्वतःहून कळवली हेही लिहावं, अशी विनंती करा. नुसतं ‘लेखकांच्या विनंतीवरून मागे घेतला’ एवढंच छापलं, तर वाचणाऱ्याच्या मनात नको ते येतं.

एक लक्षात ठेवा, मागे घेतलेला पेपर गायब होत नाही. पानापानावर आडवा शिक्का मारून तो तिथेच राहतो. सर म्हणत असतील की हळूच काढून टाकायला सांगू, तर चांगलं नियतकालिक तसं करत नाही. आणि जे नियतकालिक ‘मागे घेण्याची फी’ मागेल, त्याला एक रुपया देऊ नका. त्यावरूनच ते कसल्या दर्जाचं आहे ते कळेल.

तुम्हाला वाटतंय की नावावर कायमचा डाग पडेल. पामेला रोनाल्ड हे नाव ऐकलंय का? कॅलिफोर्नियातल्या भाताच्या संशोधक. भाताच्या रोगप्रतिकारशक्तीवरचा त्यांचा २००९ चा पेपर ‘सायन्स’मध्ये आला होता. पुढे प्रयोगशाळेत आलेल्या नव्या मुलांना तेच निकाल मिळेनात. शोधता शोधता कळलं की जिवाणूंच्या काही नमुन्यांवर लेबलं चुकीची लागली होती आणि एक चाचणीही भरवशाची नव्हती. बाईंनी स्वतःहून जाहीरपणे सांगितलं, २०१३ मध्ये पेपर मागे घेतला, काम पुन्हा पहिल्यापासून केलं आणि २०१५ मध्ये खरा रेणू सापडल्याचं छापलं. त्यांची गोष्ट प्रामाणिक चुकीची आहे, तुमची तशी पूर्ण नाही, हे मान्य. तरीही ‘आधी कोण बोललं’ हे लोक लक्षात ठेवतात. २०२३ या एका वर्षात जगभरात १०,००० हून जास्त पेपर मागे घेतले गेले. त्यातले ८,००० हून जास्त हिंदावी या एकाच प्रकाशनाचे होते, आणि त्यात पेपर विकणाऱ्या कारखान्यांचा माल भरपूर होता. त्या ढिगात स्वतः डायरी घेऊन येणारी लेखिका वेगळी उठून दिसते.

आता नोकरी. इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. जूनमध्ये ऑर्डर मिळेल की नाही, हे सरांच्या शब्दावर आहे, आणि तो शब्द विरोधात जाऊ शकतो. महाविद्यालयं-विद्यापीठांच्या एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत मागे घेतलेल्या पेपरांचे गुण कापायला २०२५ पासून सुरुवात झाली, तेव्हा प्राचार्यांनाही ‘आता कशाला उकरता’ असं वाटू शकतं. म्हणून सरांना दिलेल्या ई-मेलची आणि संपादकांच्या पत्राची प्रत विद्यापीठाच्या पीएचडी विभागाकडे पोहोचलेली असू द्या. गाइड बदलायची वेळ आली तर तो अर्ज तिथेच करावा लागतो आणि तेव्हा हा कागद कामाला येतो. प्रबंध अजून दिलेला नाही, हे तुमचं नशीब. त्यातला तो तक्ता आजच बदला, सहा जागा कोऱ्या ठेवा. यूजीसीने २०२२ च्या नियमांत पीएचडीसाठी पेपर छापण्याची सक्ती काढून टाकली आहे, त्यामुळे पेपर गेला म्हणजे पदवी गेली असं नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र एकदा वाचून घ्या.

ऑर्डर नाहीच मिळाली तर? मग एक वर्ष जिल्ह्याच्या ठिकाणी क्लासमध्ये शिकवावं लागेल, लाल गाडीने ये-जा करावी लागेल. त्रास आहे. पण गप्प राहून ऑर्डर मिळवलीत, तर पुढे कायम झाल्यावर प्रत्येक मुलाखतीत तोच पेपर बायोडेटावर असेल, आणि तो अर्धा पतंग त्यात कायम बसलेला असेल. मागे घेण्याला मुदत नसते. वीस वर्षांनीही घेतात.

त्या संशोधकाला काय उत्तर द्यायचं? संपादकांना पत्र गेलं की दुसऱ्या दिवशी त्याला लिहा: ‘५० नोंदी पाठवत आहे. सहा नोंदी नाहीत, त्याबद्दल नियतकालिकाला कळवलं आहे.’ डायरीची पानंही पाठवा. तोवर ‘थोडा वेळ द्या’ एवढं कळवलं तरी पुरे.

आणि शेतीशाळा. पत्राच्या शेवटी तुम्ही ते एका ओळीत लिहिलंत, मला मात्र ते सगळ्यात जड वाटलं. नुकसानीची पातळी म्हणजे सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंग. तुमच्या तक्त्यात ७.९० आहे. त्या आकड्यावर विसंबून, सप्टेंबरात घाई करू नका असं तुम्ही नाल्यापलीकडच्या लोकांनाही सांगितलंत. खरे पतंग कदाचित पाच असतील, कदाचित पंधरा. २०१७ च्या हंगामात याच अळीने विदर्भातली कपाशी धुऊन नेली आणि त्याच हंगामात यवतमाळात फवारणी करताना माणसं दगावली. फवारायचं की थांबायचं, ही दोन्ही बाजूंनी महाग पडणारी गोष्ट आहे. नियतकालिकातली सूचना कोणत्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाणार आहे? कृषी सहायकाला फोन करा, पेरणी आटोपली की त्या दोन गावांत बैठक लावा आणि उभं राहून सांगा की सप्टेंबरचे ते आकडे तुमच्या गावचे नव्हते, डोमकळ्या (अळी शिरल्याने नीट न उमललेली फुलं) दिसतात का ते स्वतः बघत राहा. कोणी म्हणेल, ‘काहून मॅडम, मंग तवा काहून सांगतलं?’ त्याला जे खरं आहे तेच सांगा.

यंदा सापळे पुन्हा लावणार असाल, तर नाल्यापलीकडे मोजायला त्याच गावातली एखादी बारावीची मुलगी धरा. वही तिची, पेन तिचं, सही तिची. दर शनिवारी सापळ्याच्या पिशवीचा फोटो तिने पाठवायचा, पूर ओसरला की वही तुम्ही बघायची. आणि तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, ज्या आठवड्यात शेतात पाय ठेवता आला नाही, त्या रकान्यात रेघ मारायची.

तुमची,
ताई